बेळगावात राहून छोट्या जागी बँड कसे ऐकायचे?

प्रश्न विचारणारी मुलगी मूळची निपाणीची. बँकेत नोकरी लागली म्हणून सध्या टिळकवाडीत भाड्यानं राहते. कॉलेजपासून हेडफोनवर बंगळूर-पुण्याचे बँड ऐकते, पण समोर उभं राहून अजून एकही ऐकलेला नाही. तिनं विचारलंय: बेळगावात असलं काही होतच नाही असं सगळे म्हणतात, मग दर वेळी गोवा किंवा पुणंच गाठायचं का? एकटीनं गेलं तर चालतं का? दारू पीत नसेन तर आत बसू देतात का? आणि तिथं जाऊन नेमकं करायचं काय असतं?

ताई, मी बेळगावात साउंडचं काम करतो. कॉलेजात बास गिटार वाजवायचो, पुढं ऑर्केस्ट्रात वाजवली, आणि आता बरीच वर्षं आवाज जुळवायच्या मिक्सरमागं उभा असतो. लग्नाची रिसेप्शन, गणपतीतले कार्यक्रम, गोव्यातली हॉटेलं हे पोटापाण्याचं. छोट्या जागी येणारे बँड हे हौसेचं, कारण त्यात फारसं सुटत नाही. तेव्हा माझं उत्तर स्टेजच्या बाजूनं येणार, हे धरून वाचा.

"होतच नाही" हे निम्मं खरं आहे. दर शुक्रवारी हमखास बँड, तिकीट लावून, तेही स्वतःची गाणी वाजवणारा, अशी जागा बेळगावात गृहीत धरता येत नाही. पण तुम्हाला वाटतंय की अडचण जागेची आहे. मला विचाराल तर ती बातमीची आहे. इथले कार्यक्रम हॉटेलच्या वरच्या मजल्यावर होतात, कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीच्या भागातल्या एखाद्या कॅफेत होतात, कॉलेजच्या फेस्टमध्ये होतात, कधी कुणाच्या शेतघरावर होतात. ते ठरतात आठवडाभर आधी, कधी दोनच दिवस आधी. ज्याला कळलं तो गेला. बाकीच्यांच्या लेखी काही झालंच नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की जागा शोधू नका, वाजवणारे शोधा. जागा मोठ्या शहरांतही टिकत नाहीत. मुंबईत लोअर परळचा ब्लू फ्रॉग २००७ साली सुरू झाला. तिथं एकदा वाजवायला मिळावं अशी देशभरच्या पोरांची इच्छा असायची. तो २०१६ साली बंद झाला. बंगळूरला इंदिरानगरातला हमिंग ट्री २०१३ साली आला आणि २०१९ साली गेला. उलट इंडियन ओशन १९९० पासून वाजवतोय, बंगळूरचा थर्मल अँड अ क्वार्टर १९९६ पासून. आत माणसं बदलली असतील, पण बँड उभे आहेत. आपल्याकडं तर जागेचं आयुष्य आणखी तोकडं. भाडं वाढतं, शेजारी तक्रार करतात, नाहीतर मालकाचा भाचा म्हणतो की चार माणसांना पैसे कशाला द्यायचे, डीजे लावू. आणि मग फलकावर "लाइव्ह म्युझिक" तसंच राहतं, आत मात्र लॅपटॉप असतो.

वाजवणाऱ्यांची आपल्याकडं वाण नाही. हे बाहेरच्यांना पटत नाही, म्हणून जरा सांगतो. कॅम्पातली सेंट पॉल्स शाळा १८५६ सालची. शिक्षणासाठी, नोकरीसाठी गोव्याकडची कितीतरी कुटुंबं इथं येऊन राहिली आणि त्यांच्याबरोबर चर्चमधलं व्हायोलिन, पियानो, चार सुरांत गाणं आलं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथं असल्यानं पितळी वाद्यांचा आवाज कॅम्पाला नवा नाही. ऑर्केस्ट्राची परंपरा वेगळीच. आणि बेंजो पार्ट्या तर आहेतच. कुणी नाक मुरडू देत, पण विसर्जनाच्या मिरवणुकीत रात्रभर चालत्या ट्रॉलीवर ताल न सोडणारा पोरगा कुठल्याही बँडमध्ये उभा राहू शकतो. मी अशा पोरांना मोठ्या स्टेजवर नेलंय, कुणी वाकडं बोलायची सोय ठेवली नाही त्यांनी.

अडचण अशी की हीच माणसं सगळीकडं वाजवतात. शहरात चांगले ड्रमर मोजकेच. त्यातला एक रविवारी सकाळी चर्चमध्ये, मुहूर्त असला की रिसेप्शनला, शुक्रवार-शनिवार गोव्यातल्या हॉटेलात. स्वतःच्या बँडसाठी त्याच्याकडं उरतो मंगळवार. तुम्हाला त्याचा मंगळवार कळायला हवा. मग काय करायचं? इन्स्टाग्रामवर इथले दोन-तीन ड्रमर, एक-दोन गिटारवाले आणि जमलं तर एखादा साउंडवाला पकडा. हॉटेलांची पानं नकोत, तिथं बिर्याणीचेच फोटो असतात. वाजवणारा आदल्या दिवशी स्टोरी टाकतोच. गिटारच्या तारा जिथं मिळतात त्या दुकानात सहज चौकशी करा, गिटार-कीबोर्ड शिकवणाऱ्या सरांना विचारा. त्यांचेच विद्यार्थी वाजवत असतात, त्यामुळं त्यांना सगळं ठाऊक असतं. पहिल्या कार्यक्रमाला पोचलात की पुढचे तीन आपोआप कळतात, कारण तिथल्या गर्दीतलं कुणीतरी तुम्हाला व्हॉट्सअॅप ग्रुपात घेतंच.

आता बाहेरून येणारे बँड. नकाशा डोळ्यासमोर आणा. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर ही सगळी एकाच महामार्गावर, आणि बेळगावातूनच चोर्ला घाटाकडं फाटा फुटतो गोव्याला. म्हणजे पश्चिमेकडचा जो बँड गाडीनं फिरतो तो आपल्या दारावरून जातो. मोठी नावं आता विमानानं जातात, ती सोडून द्या. पण चार पोरं, एक भाड्याची गाडी, मागं गिटारी आणि झांजांची पिशवी, असे बँड पुष्कळ आहेत. त्यांचे शुक्रवार-शनिवार पुण्याला, गोव्याला, बंगळूरला जातात. मधला बुधवार, गुरुवार आणि रविवारची संध्याकाळ मोकळी असते. आपल्या वाट्याला येतात ते हे वार. त्यामुळं शनिवारी संध्याकाळी "आज काही आहे का" म्हणून शोधलंत तर रिकाम्या हातानं परत याल.

मधल्या वारी बँडनं बेळगावात थांबायचं की सरळ पुढं जायचं, हे कशावर ठरतं ते सांगतो, कारण त्यात तुमचा हात आहे. समजा तिकीट ४०० रुपये आणि ५० माणसं आली. झाले २०,०००. त्यातून साउंडचं भाडं, ड्रमचा सेट आणि अॅम्प्लिफायरचं भाडं, पाच जणांच्या दोन खोल्या, रात्रीचं जेवण, गाडीचं पेट्रोल. उरलं ते बँडचं. ५० च्या जागी २० आली तर कुणाच्या तरी खिशातून जातं, आणि बहुतेक वेळा ते कार्यक्रम ठरवणाऱ्या हौशी पोराच्याच जातं. तो पुन्हा वर्षभर नाव काढत नाही. जागेचा मालक फक्त खाण्यापिण्याचं बिल बघतो. आता आपल्या गावची खोड अशी की सगळे म्हणणार, "येऊ की, गेटवर घेऊ तिकीट." त्यातले निम्मे पावसाची सर आली की घरी थांबतात. कार्यक्रम गुरुवारी असला तर सोमवार-मंगळवारपर्यंत विकलेल्या तिकिटांवर रद्द करायचा की नाही ते ठरतं. त्यामुळं जायचं पक्कं असेल तर तिकीट आधी घ्या. बंगळूरमध्ये एक तिकीट कमी-जास्त झालं तर कुणाला कळत नाही, इथं पंधरा तिकिटांवर बँड येतो किंवा येत नाही. आणि ओळखीनं पास मागू नका. कार्यक्रम ठरवणाऱ्याची ओळख असेल तर दोन तिकिटं जास्त घ्या.

पोस्टर वाचायला शिका. बँडचं नाव असेल तर बँड आहे. नुसतं "लाइव्ह म्युझिक" किंवा "अॅकूस्टिक नाइट" असेल तर बहुधा एक गाणारा, एक गिटार आणि मागं ट्रॅक, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेली साथ. त्यातही वाईट काही नाही, पण तुम्ही ज्यासाठी निघालात ते हे नव्हे. फोन करून तीन गोष्टी विचारा. किती जण वाजवणार, सुरू नेमकं किती वाजता, आणि प्रवेशाचे पैसे खाण्यापिण्याच्या बिलात वळते होतात का. पहिल्या प्रश्नाला फोनवरचा माणूस गडबडला तर समजा ट्रॅक आहे.

वेळेचं मुंबई-पुण्याचं गणित इथं लावू नका. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम देशभर लागू आहेत. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, बंदिस्त सभागृहासारख्या जागांना तेवढी सूट. म्हणजे गच्चीवरचा कार्यक्रम दहाला संपवावाच लागतो. आतल्या खोलीतला पुढं चालू शकतो, पण शेजाऱ्याचा फोन ठाण्यात गेला की तोही आवरता घेतात. त्यामुळं इथं आठ म्हणजे फार तर सव्वाआठ. साडेनऊला रुबाबात पोचणारे शेवटची दोन गाणी ऐकतात आणि "काही मजा नाही आली" म्हणून घरी जातात. आधी वाजवणारा स्थानिक बँड चुकवू नका. पाहुणा बँड तुम्हाला पुढं यूट्यूबवरही ऐकता येईल, आपल्या पोरांची गाणी अजून रेकॉर्ड झालेलीच नसतात.

आता माझ्या धंद्यातलं. उभं कुठं राहायचं, हे कुणी सांगत नाही, पण कार्यक्रम आवडणार की डोकं उठणार हे अर्धं त्यावर ठरतं. मोठ्या मैदानात सगळा आवाज स्पीकरमधून येतो. छोट्या खोलीत तसं नसतं. ड्रमला माइक लावलाच नाही तरी तो खोली भरून टाकतो, गिटारचा अॅम्प्लिफायर स्टेजवरून थेट ओरडत असतो, आणि गाणाऱ्याचा गळा तेवढा स्पीकरमधून येतो. ते स्पीकर असतात स्टेजच्या पुढं, दोन कडांना. म्हणून अगदी पहिल्या रांगेत मधोमध उभं राहिलात तर ड्रम आणि गिटार भरपूर, शब्द मात्र ऐकू येत नाहीत. लोक म्हणतात गायक कच्चा होता. गायक ठीक असतो, स्पीकर तुमच्या पुढं नसून दोन बाजूंना, कधी तर मागंच असतात. डाव्या कडेला उभं राहिलात तर डावीकडचा गिटारवाला एकटाच ऐकू येतो. पाठीमागच्या भिंतीला टेकलात तर बासचा नुसता घुमारा, कोपऱ्यात तर तो आणखी वाढतो. चांगली जागा कुठली? स्टेजपासून खोलीच्या साधारण दोन-तृतीयांश अंतरावर, मध्याच्या आसपास. मिक्सर नीट जागी ठेवलेला असेल तर त्याच्या बाजूला उभे राहा, कारण मिक्सरवाला जे ऐकतो त्यावरच तो आवाज जुळवतो. फक्त मिक्सरवर ग्लास ठेवू नका. हात जोडून विनंती.

आपल्या गावातल्या जागांचा एक वेगळा ताप आहे. खाली गुळगुळीत फरशी, वर पीओपीचं सपाट छत, एका बाजूला काच. आवाज आदळून परत येतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. संध्याकाळी रिकाम्या खोलीत साउंड चेक करताना घंटेच्या आत उभं असल्यासारखं वाटतं. माणसं भरली की फरक पडतो, कारण कपडे आणि अंगं आवाज शोषतात, विशेषतः वरचे सूर. म्हणून पहिल्या गाण्यावरून बँडला किंवा साउंडवाल्याला नावं ठेवू नका. भरलेल्या खोलीप्रमाणं आवाज बसवायला एखाद-दोन गाणी जातातच. चौथ्या गाण्यालाही शब्द कळत नसतील तर मग खुशाल ठेवा. जाणत्या बँडची माझी खूण अशी की त्यांचा ड्रमर खोली बघून वाजवतो. लहान खोलीत तो जाड काठ्या बाजूला ठेवून बारीक काड्यांच्या जुडग्यानं वाजवेल, गिटारवाला अॅम्प्लिफायर भिंतीकडं तिरका करेल. हळू वाजवूनही जोर कमी न होऊ देणं फार कठीण असतं.

कानांची काळजी घ्या, हे मी थट्टेनं सांगत नाही. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसावा एवढी साधारण मर्यादा मानतात, आणि पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. म्हणजे १०० डेसिबलला हिशेब येतो १५ मिनिटांवर. ड्रमसेट असलेली लहान खोली १०० ला सहज टेकते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली अशा जागांसाठी मानक काढलं, त्यातही १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असंच आहे. औषधाच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात, किरकोळ किमतीत. त्यानं वरचे सूर जरा जास्त दबतात, गाणं थोडं गोधडीखालून आल्यासारखं लागतं, पण चालतं. नाद लागलाच तर संगीतासाठीचे वेगळे घ्या, ते महाग असतात पण सूर बिघडवत नाहीत. कार्यक्रमानंतर कानात शिट्टी वाजत राहिली तर "मस्त झाला" असं समजू नका, कान दुखावल्याची ती खूण आहे.

इथवरचं आटोपशीर सांगायचं तर: वाजवणाऱ्यांवर लक्ष ठेवा, मधल्या वारांकडं बघा, तिकीट आधी घ्या, वेळेवर जा, मधोमध थोडं मागं उभे राहा. आता तुमचे बाकीचे प्रश्न.

दारू न पिणाऱ्याला कुणी हाकलत नाही. लिंबू सोडा घ्या, काही खायला घ्या, झालं. खोली तिकिटावर चालत नसेल तर ती खाण्यापिण्यावर चालते, म्हणून काहीतरी मागवावं एवढाच शिष्टाचार. ओळखपत्र जवळ ठेवा. दारूसाठीचं वय राज्यागणिक बदलतं. गोव्यात १८, महाराष्ट्रात कडक दारूला २५. त्यामुळं पुण्याकडं काही दारांवर न पिणाऱ्यालाही वय विचारतात. कपड्यांचं काही नाही, पायात बंद आणि सोयीचं काही असू द्या, दोन तास उभं राहायचं असतं.

एकटीनं जायचं का, हे जागेवर आणि परतीच्या वाटेवर अवलंबून आहे. आमच्या कार्यक्रमांना एकट्या येणाऱ्या मुली असतात, पण पुरुष म्हणून मी "काळजीच नको" असं सांगणं शहाणपणाचं नाही. मी कामात बघितलेलं सांगतो. तिकीट असलेला कार्यक्रम बिनतिकिटाच्या बारपेक्षा निवांत असतो, कारण लोक ऐकायला आलेले असतात. वाजवणाऱ्यांची घरची मंडळी एका टेबलावर असतात, कुणाची बायको, कुणाची बहीण, कधी आईसुद्धा. त्यांच्या आसपास बसा, बोलायला सुरुवात करायला "तुमचं कोण वाजवतंय?" एवढं पुरतं. आधी फोन करून एकटी येत असल्याचं सांगितलं तर बरे आयोजक जागा धरून ठेवतात, आणि जो यावर फोनवरच फिदीफिदी हसेल त्याच्याकडं जाऊच नका. परतीची सोय जाताना करा. दहानंतर कॅम्पातून टिळकवाडीला रिक्षा मिळते, पण दर रिक्षावाल्याच्या मर्जीचा. ओळखीचा रिक्षावाला सांगून ठेवा किंवा तुमच्याच बाजूला, रेल्वे गेटांकडं राहणारं कुणी आहे का ते बघा. पहिल्या वेळी एखादी मैत्रीण सोबत असेल तर उत्तम, फक्त तिला गाण्यात रस असू दे. नाहीतर ती अर्ध्या तासात "चल आता" म्हणते.

तिथं करायचं काय? ऐकायचं. हसू नका, बऱ्याच लोकांना हे ठाऊक नसतं. सुळेभावीसारख्या इथल्या गावात कुमार गंधर्व जन्मले आणि धारवाड आपल्या शेजारी, तेव्हा बैठक कशी ऐकतात हे आपल्याकडच्या जुन्या घरांत कुणाला शिकवावं लागत नाही. तीच सवय इथं न्या. चाळीस जणांच्या खोलीत मागं चाललेली गप्पा गाणाऱ्याला शब्दन् शब्द ऐकू येते. संथ गाण्यात तरी बोलू नका. नाचावंसं वाटलं तर नाचा, त्यासाठीच पुढची जागा मोकळी असते. एखाद्या गाण्याचं चित्रण करा, अख्खा कार्यक्रम फोनआडून बघू नका, मागच्याला तुमच्या हाताशिवाय काही दिसत नाही. आणि हिंदी सिनेमाच्या गाण्यांची फर्माईश नको. स्वतःची गाणी वाजवणाऱ्याला ती फर्माईशीची चिठ्ठी मनाला लागते. ऑर्केस्ट्रात मी त्या चिठ्ठ्यांवर जगलोय, म्हणून सांगतो, त्याची जागा वेगळी.

एक चैन मात्र फक्त आपल्याला आहे. बंगळूरचे रघू दीक्षित एकोणिसाव्या शतकातले कन्नड संतकवी शिशुनाळ शरीफ यांची तत्त्वपदं गिटारवर गातात. मुंबईचा अभंग रिपोस्ट हा बँड तुकोबा-नामदेवांचे अभंग ड्रम-गिटारसह वाजवतो. मुंबईच्या श्रोत्याला शरीफ परका, बंगळूरच्या बऱ्याच श्रोत्यांना अभंगाचे शब्द परके. आपल्या खोलीत दोन्हीवर माना डोलतात, आणि कन्नड ओळ मराठी पोरं बिनदिक्कत म्हणतात. बाहेरच्या गायकानं एखादी ओळ सोडून दिली आणि खोलीनं ती उचलली, की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. ज्या गावात बाहेर मराठी-कन्नडवरून तोंडं फिरतात त्याच गावात हे चालतं, असो.

गोवा, पुणं सोडू नका, पण त्याचा हिशेब वेगळा मांडा. चोर्ल्यातून पणजी सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर, जांबोटी, कणकुंबी, केरी, साखळी असा रस्ता. जाताना ठीक. कार्यक्रम संपवून मध्यरात्री परत निघायचा मोह मात्र टाळा. घाटात वळणं आहेत, जंगल आहे, पावसाळ्यात धुकं एवढं की बोनेटही दिसत नाही, आणि मोबाइलची रेंज मधे जाते. तिथंच मुक्काम करा, सकाळी या. किनाऱ्यावरचे शॅक पावसाळ्यात काढून ठेवतात, तेव्हा हंगाम धरा दिवाळीनंतर ते मार्च-एप्रिल. गोव्यातले बहुतेक बँड दुसऱ्यांची जुनी गाणी वाजवतात, आणि काय वाजवतात! ते "कव्हर" म्हणून हिणवू नका. तीन-तीन सेट रोज वाजवून जो सफाईदारपणा येतो तो ऐकायला मी कामाशिवायही जातो. स्वतःची गाणी ऐकायची तर पुणं बरं. तिथं हाय स्पिरिट्ससारखी जुनी जागा आहे, शिवाय २०१० साली एनएच७ वीकेंडर हा संगीत महोत्सव पुण्यातच सुरू झाल्यापासून तिकीट काढून नवे बँड ऐकायची सवय तिथल्या लोकांना लागलीय. पण अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सुट्टी धरूनच. बंगळूरला राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रीत जाता येतं, बँकेतल्या माणसाला दुसरा-चौथा शनिवार त्यासाठी सोयीचा. कोल्हापूर आणि हुबळी शंभर-एक किलोमीटरवर, दोन्हींची स्थिती आपल्यासारखीच. तिथल्या वाजवणाऱ्यांनाही यादीत घ्या, कारण जो बँड कोल्हापूरला बुधवारी वाजवतो तो गुरुवारी इथं असायची शक्यता बरीच.

सुरुवात मात्र इथूनच करा, आणि एखाद्या मधल्या वारीच. कार्यक्रम संपला की लगेच स्टेजवर जाऊ नका. वायरी गुंडाळायला वीस मिनिटं लागतात, तेव्हा कुणाला बोलायचा मूड नसतो. पेट्या बंद झाल्या की जा, कुठलं गाणं आवडलं ते नाव घेऊन सांगा, टी-शर्ट किंवा सीडी विकायला ठेवली असेल तर एक घ्या. त्या पैशात त्यांचं हुबळीपर्यंतचं पेट्रोल निघतं. आणि पहिलाच बँड भंगार वाटला तर लगेच नाव काढून टाकू नका. आधी साउंडला कोण होतं ते विचारा. चांगल्या बँडची माती करायची ताकद आमच्या हातात पुरेपूर असते.